ब्लूज, सोल आणि रॉक समजून घ्यायचंय? मग ‘ओटिस ब्लू’ ऐका

ब्लूज, सोल, रॉक ही नावं कानावरून इतक्या वेळा गेलेली असतात की त्यांचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असं वाटत राहतं. पण ‘हे गाणं ब्लूज का आणि ते सोल का?’ असं कुणी थेट विचारलं की बोलती बंद होते. व्याख्या देत बसलं तर गोंधळ आणखी वाढतो, कारण तिन्ही प्रकारांत वाद्यं जवळपास तीच असतात, स्वरही बरेचसे तेच आणि पुष्कळदा तर गाणीसुद्धा तीच. म्हणून व्याख्या बाजूला ठेवू आणि एकच अल्बम नीट ऐकू.

ओटिस रेडिंगचा ‘ओटिस ब्लू’ हा अल्बम सप्टेंबर १९६५ मध्ये अमेरिकेत आला. त्यात अकरा गाणी आहेत आणि सगळी मिळून अर्ध्या तासापेक्षा थोडी जास्त वाजतात. बी. बी. किंगने गाजवलेलं ब्लूज त्यात आहे, रोलिंग स्टोन्सचं रॉक आहे, सॅम कुकची तीन गाणी आहेत, डेट्रॉइटच्या टेम्प्टेशन्सचं ‘माय गर्ल’ आहे आणि ओटिसची स्वतःचीही आहेत. हे सगळं एकाच गायकाने, एकाच खोलीत, त्याच वादकांना बरोबर घेऊन जवळपास एका दिवसात गायलेलं आहे. गायक तोच, वादक तेच, बदलतंय ते फक्त गाणं. त्यामुळे एका प्रकारात आणि दुसऱ्यात नेमका फरक कुठे पडतो हे इथे जितकं स्वच्छ ऐकू येतं तितकं दुसरीकडे क्वचितच येतं.

आधी ब्लूज. दुसऱ्या बाजूवरचं ‘रॉक मी बेबी’ लावा. नावात ‘रॉक’ असलं तरी बांधणी अस्सल ब्लूजची आहे. चार मात्रांचा एक खंड धरला तर अशा बारा खंडांचं एक आवर्तन होतं. पहिले चार खंड वादक ‘सा’च्या कॉर्डवर असतात, म्हणजे सा-ग-प हे स्वर एकदम वाजवतात. पुढचे दोन खंड ‘म’च्या कॉर्डवर, म्हणजे म-ध-सा. मग दोन खंड परत ‘सा’वर. नववा खंड ‘प’वर, दहावा ‘म’वर आणि शेवटचे दोन पुन्हा ‘सा’वर. आवर्तन संपलं की पहिल्यापासून सुरू. बारीकसारीक फेरफार होत असतात, पण हा सांगाडा एकदा कानात बसला की हजारो गाण्यांत तो ओळखू येतो. गाण्याचे शब्दही याच हिशेबाने येतात. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिची पूर्तता करायची. प्रत्येक ओळीला चार खंड मिळतात. त्यांतले साधारण दोन गळा वापरतो आणि उरलेल्या दोनांत गिटार उत्तर देते. शेतात राबताना एकाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची, या जुन्या पद्धतीतून हे आलं.

सांगाडा एवढाच असेल तर ब्लूज ऐकताना पोटात कालवाकालव का होते? याचं उत्तर गंधारात आहे. साथीची कॉर्ड शुद्ध गंधार वाजवत असते. वर गाणारा मात्र कोमल आणि शुद्ध यांच्या मधला गंधार लावतो. गिटारवादक तार बोटाने आडवी ओढून त्याच जागेवर पोहोचतो. खाली एक गंधार आणि वर त्याला किंचित उतरून घासणारा दुसरा, यातून ती सल तयार होते. निषादाचंही तसंच, तोही बहुतेक उतरलेला असतो. पियानोच्या पट्ट्यांवर हा मधला स्वर सापडत नाही. मींड ऐकायची सवय असलेल्या आपल्या कानाला मात्र तो चटकन भिडतो, हा माझा पक्का अनुभव आहे.

हे संगीत मिसिसिपी राज्यातल्या कापसाच्या शेतांवर वाढलं. गुलामगिरी कायद्याने १८६५ मध्ये संपली, पण बटाईची शेती आणि कधी न फिटणारं कर्ज यांनी काळ्या कुटुंबांना तिथेच जखडून ठेवलं होतं. १९४१ मध्ये लोकगीतांचा संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स अशाच एका मळ्यावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन गेला आणि तिथल्या एका तरुण मजुराचं गाणं त्याने टिपलं. तो मजूर म्हणजे मडी वॉटर्स. दोनच वर्षांनी तो शिकागोला गेला. तो काही एकटा नव्हता. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख काळी माणसं दक्षिणेतली शेतं सोडून उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत गेली. शिकागोच्या बारमध्ये इतका गलबला असायचा की साधी गिटार ऐकूच येत नसे, म्हणून मडीने ती विजेवर चालवली. पुढचं सगळं रॉक या एका गरजेचं देणं लागतं. त्याच मडीबरोबर साठच्या दशकात गिटार वाजवणारा बडी गाय २०११ साली मुंबईत आला होता आणि वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत वाजवून गेला. शिकागोच्या त्या पिढीशी आपली एवढी तरी थेट भेट झाली.

आता सोल. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं लावा, ‘आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग’. इथे बारा खंडांचा सांगाडा नाही. लय संथ आहे आणि प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे पडतात. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन पायरी पायरीने वर चढतात आणि थांबतात, तेवढ्या जागेत ओटिस विनवणी करतो. तोच शब्द तो पुन्हा म्हणतो, मग तुकडे करून म्हणतो, आवाज फाटेल इतका ताणतो. काळ्यांच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक असाच बोलत बोलत गाण्यात शिरतो आणि समोरची मंडळी त्याला शब्दाशब्दाला साथ देतात. ही रीत आणि तिथली भक्तिगीतं उचलून त्यांत देवाच्या जागी प्रियकर किंवा प्रेयसी बसवली की सोल तयार होतं. रे चार्ल्सने १९५४ मध्ये एका भक्तिगीताच्या चालीवर ‘आय हॅव गॉट अ वुमन’ गायलं तेव्हा अनेक भाविकांना ते अजिबात रुचलं नाही. तरुणांनी मात्र ते डोक्यावर घेतलं.

मला फरक ऐकू येतो तो असा: ब्लूज गाणारा आपलं दुःख मांडतो आणि तुम्ही ते ऐकता, सोल गाणारा तुम्हाला त्यात ओढतो. त्याला तुमच्याकडून उत्तर हवं असतं.

ज्या खोलीत हे गाणं झालं तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आवाज तिथेच घडला. टेनेसी राज्यातल्या मेंफिस शहरात मॅक्लेमोर अ‍ॅव्हेन्यूवर एक बंद पडलेलं सिनेमागृह होतं. जिम स्ट्युअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन यांनी ते भाड्याने घेऊन ‘स्टॅक्स’ ही कंपनी तिथे थाटली. खुर्च्या काढून टाकल्या, पण प्रेक्षागृहाची उतरती जमीन तशीच राहिली. खाऊच्या काउंटरच्या जागी एस्टेलने रेकॉर्डचं दुकान उघडलं. पोरं काय मागतात, कोणत्या गाण्यावर पाय हलवतात, यावर तिची बारीक नजर असायची. मागच्या खोलीत काय वाजवायचं हे पुष्कळदा पुढच्या दुकानात ठरायचं.

कंपनीचे ठरलेले वादक होते बुकर टी. अँड द एमजीज. ऑर्गनवर बुकर टी. जोन्स आणि ड्रमवर अल जॅक्सन, हे दोघे काळे. गिटारवर स्टीव्ह क्रॉपर आणि बेसवर डक डन, हे दोघे गोरे. वंशभेद रस्तोरस्ती पाळणाऱ्या त्या शहरात एका खोलीत बरोबरीने काम करणारी ही चौकडी होती. बाहेर एकत्र बसायचीही पंचाईत. ती सोय काळ्यांच्या मालकीच्या लॉरेन मोटेलमध्ये होती, आणि स्टॅक्सची काही गाजलेली गाणी तिथल्याच खोल्यांत लिहिली गेली. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला तो याच मोटेलच्या सज्जात.

१९६५ च्या जुलैमध्ये एका सकाळी ‘ओटिस ब्लू’चं काम सुरू झालं. रात्री वादकांना क्लबमध्ये वाजवायला जायचं होतं, तिथेच त्यांची रोजची कमाई. म्हणून दहाच्या सुमारास काम थांबलं, मंडळी वाजवायला गेली, मध्यरात्रीनंतर परत आली आणि सकाळपर्यंत वाजवत राहिली. न्यूयॉर्कहून टॉम डाउड हा ध्वनिमुद्रक स्टीरिओ यंत्र घेऊन आला होता. ते फक्त दोन ट्रॅकचं होतं. याचा अर्थ असा की गायक, ड्रम, ब्रास (म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोनसारखी फुंकवाद्यं) सगळ्यांनी एकदमच वाजवायचं. एकाची चूक झाली तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. आज प्रत्येक वाद्य वेगळं मुद्रित करून नंतर जुळवतात, तशी सोयच नव्हती. ओटिसला स्वरलेखन येत नव्हतं. ट्रम्पेटने काय वाजवायचं ते तो तोंडाने गाऊन दाखवायचा आणि वादक ते उचलायचे. म्हणूनच या अल्बममधलं ब्रास माणसाच्या बोलण्यासारखं वाजतं.

आणखी एक गोष्ट कान देऊन ऐकण्यासारखी आहे. चार मात्रांत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जो जोरकस ठोका पडतो तो ब्लूज, सोल, रॉक तिन्हींत समान. आपण टाळी समेवर देतो, ही मंडळी दोन आणि चारवर देतात. पण स्टॅक्समध्ये हा ठोका केसभर उशिरा पडतो. याची गोष्ट ‘ओटिस ब्लू’च्या दोनच महिने आधीची. विल्सन पिकेट या गायकाच्या गाण्याचं काम चालू असताना, स्टॅक्सच्या रेकॉर्ड विकणाऱ्या अटलांटिक कंपनीचा निर्माता जेरी वेक्सलर त्या काळचा एक नाच वादकांना स्वतः नाचून दाखवू लागला. त्या नाचाचा झोक पकडायचा म्हणून जॅक्सन आणि क्रॉपर यांनी ठोका किंचित मागे खेचला. लय बिघडत नाही, पण गाणं रेलून चाललंय असं वाटतं. मेंफिसचा हा आवाज एकदा ओळखीचा झाला की पहिल्या दोन-तीन खंडांतच कळतं की हे स्टॅक्सचं आहे. शेजारी ‘माय गर्ल’ची टेम्प्टेशन्सनी गायलेली मूळ आवृत्ती ऐकून पाहा. डेट्रॉइटची मोटाउन कंपनी व्हायोलिनांसह सगळं घोटून, पॉलिश करून द्यायची. ओटिस तेच गाणं गातो तेव्हा त्यात खरखर येते, श्वास ऐकू येतो. दोन्ही सोलच. मला दुसरं जास्त जवळचं वाटतं.

आता रॉक. ‘सॅटिस्फॅक्शन’ हे रोलिंग स्टोन्सचं गाणं त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. इंग्लंडमधल्या या पोरांनी आपल्या बँडचं नाव मडी वॉटर्सच्या एका गाण्यावरून घेतलं होतं. समुद्रापलीकडून येणाऱ्या ब्लूजच्या रेकॉर्ड झिजेपर्यंत ऐकून ते शिकले होते. ओटिसचं ‘पेन इन माय हार्ट’ही त्यांनी आधीच गायलेलं होतं. ‘सॅटिस्फॅक्शन’च्या सुरुवातीचा तो सुप्रसिद्ध गिटारचा तुकडा कीथ रिचर्ड्सने फझ नावाच्या उपकरणातून वाजवला. हे उपकरण गिटारचा आवाज मुद्दाम चिरका, फाटका करतं. पण कीथच्या डोक्यात तिथे ब्रास होतं. गिटार ही फक्त खूण म्हणून वाजवली होती, नंतर तिथे ट्रम्पेट-सॅक्सोफोन बसवायचे असा त्याचा विचार. रेकॉर्ड मात्र तशीच बाहेर पडली आणि जगभर गाजली. इकडे मेंफिसमध्ये क्रॉपरने ते गाणं ओटिसपुढे ठेवलं आणि स्टॅक्सच्या मंडळींनी तो तुकडा ब्रासवरच वाजवला. ब्लूज ऐकून इंग्लंडमध्ये तयार झालेलं रॉक अमेरिकेत परत येऊन सोल झालं, आणि ज्याने ते रचलं त्याच्या मनातल्या रूपात झालं. तिन्ही प्रकारांचं नातं यापेक्षा स्पष्ट दाखवणारी जागा मला माहीत नाही.

दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐका. स्टोन्समध्ये गिटार पुढे आहे, मिक जॅगरच्या आवाजात तुच्छता आहे, तक्रार साऱ्या जगाविरुद्ध आहे. ओटिसच्या हातात गाण्याची गती वाढते, शब्द सुटतात, शेवटी नुसते उद्गार उरतात. चीड जाऊन तिच्या जागी अनावर जोश येतो. रॉकमध्ये वाद्याचा आवाज, विशेषतः विजेच्या गिटारचा, हीच व्यक्तिरेखा असते. सोलमध्ये ती जागा गळ्याची.

सॅम कुकची तीन गाणी इथे का आहेत तेही सांगतो. सोलचा हा लाडका गायक ११ डिसेंबर १९६४ ला लॉस एंजेलिसमध्ये गोळी लागून मेला. ओटिस त्याला फार मानत असे. १९६३ मध्ये लुइझियाना राज्यातल्या श्रेव्हपोर्ट गावी एका हॉटेलने कुकला काळा म्हणून खोली नाकारली होती. तो घाव ‘अ चेंज इज गॉना कम’ या गाण्यात उतरला. एकट्या गाण्याची छोटी रेकॉर्ड म्हणून ते आलं त्याच्या मृत्यूनंतर. ओटिसने ते गायलं तेव्हा काळ्यांच्या मताधिकाराचा कायदा अजून मंजूर व्हायचा होता, तो पुढच्या महिन्यात, ऑगस्ट १९६५ मध्ये झाला. कुकच्या आवृत्तीत तंतुवाद्यांचा भव्य पडदा आहे. ओटिसकडे फक्त स्टॅक्सचे वादक आणि ब्रास. मला कुकचं मूळ गाणंच श्रेष्ठ वाटतं, पण ओटिसच्या गाण्यात नुकत्याच झालेल्या मृत्यूचं ओझं आहे.

इतकं सारं गाणाऱ्या माणसाचा चेहरा अल्बमच्या पुढच्या कव्हरवर नाही. तिथे एका सोनेरी केसांच्या गोऱ्या तरुणीचा फोटो आहे. काळ्या गायकाचा चेहरा पाहून गोरं गिऱ्हाईक रेकॉर्ड उचलणार नाही, ही धास्ती तेव्हाच्या कंपन्यांना असायची. हे पाहिलं की आजही राग येतो.

अल्बम ही चीज तेव्हा तशी तरुणच होती. आधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असत, आणि ती लाख मोठ्या प्रमाणात भारतातून जायची. एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावत, म्हणून गाणीही तेवढीच. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्ले आणली आणि एका बाजूवर वीसेक मिनिटं मिळू लागली. शास्त्रीय संगीताने आणि जॅझने त्या जागेचा लगेच फायदा घेतला. ब्लूज आणि सोलचा धंदा मात्र पुढेही कित्येक वर्षं एकेका गाण्याच्या छोट्या रेकॉर्डवर चालला. दोन-तीन चाललेली गाणी आणि बाकी भरताड, असा अल्बमचा रिवाज होता. ‘ओटिस ब्लू’त भरताड नाही, त्यामुळे तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला गेला आणि अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज, म्हणजे काळ्यांच्या लोकप्रिय संगीताच्या, अल्बमच्या यादीत पहिला आला.

त्यातलं ‘रिस्पेक्ट’ पुढे कुठे गेलं ते साऱ्या जगाला माहीत आहे. ओटिसच्या गाण्यात कमवून घरी आलेला नवरा मान मागतो. फेब्रुवारी १९६७ मध्ये अरेथा फ्रँकलिनने तेच गाणं बाईच्या तोंडी दिलं, शब्दाची अक्षरं सुटी करून ठणकावली, बहिणींना मागे कोरसला घेतलं आणि मध्ये सॅक्सोफोनचा नवा टप्पा घातला. मागणाऱ्याची जागा बदलली आणि गाण्याचा अर्थच पालटला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये माँटेरीच्या संगीत महोत्सवात ओटिसने स्वतः मंचावरून कबूल केलं की हे गाणं त्या मुलीने माझ्याकडून नेलं. १० डिसेंबर १९६७ ला विस्कॉन्सिनमधल्या एका बर्फगार तळ्यात त्याचं विमान कोसळलं. तो २६ वर्षांचा होता.

त्यानंतर १९६८ मध्ये स्टॅक्सला दुसरा धक्का बसला. अटलांटिकशी झालेल्या करारात आपल्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा हक्कच आपल्याकडे राहिलेला नाही, हे जिम स्ट्युअर्टला तेव्हा उमगलं. सगळा खजिना हातचा गेला. रिकामं कपाट भरण्यासाठी कंपनीने पंचवीसहून जास्त अल्बम एकदम काढायचं ठरवलं आणि त्या धांदलीत आयझॅक हेजला हवं ते करायची मोकळीक मिळाली. ‘ओटिस ब्लू’च्या कामात पियानोवर बसलेला हा माणूस. त्याने १९६९ मध्ये ‘हॉट बटर्ड सोल’ काढला. पाऊण तासात फक्त चार गाणी, आणि त्यांतलं एक अठरा मिनिटांहून लांब, ज्यात तो बराच वेळ नुसता बोलतो. सोलने लाँग प्लेची जागा पुरती वापरली ती तेव्हा. दोन वर्षांनी मार्विन गेने ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ केला. त्यात एक गाणं दुसऱ्यात मिसळतं आणि व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकाच्या नजरेने अख्खा देश दिसतो.

हक्कांचा हा प्रश्न रॉकच्या बाजूलाही होताच. मडी वॉटर्ससाठी गाणी लिहिणाऱ्या विली डिक्सनला लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडच्या ‘होल लॉटा लव्ह’मध्ये आपले शब्द सापडले. त्याने १९८५ मध्ये दावा लावला आणि १९८७ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. ब्लूजमध्ये ओळी एकमेकांच्या उचलायची जुनी प्रथा आहे. पण उचललेल्या ओळीवर कुणी लाखो रुपये कमवतो आणि मूळ लेखकाचं नावही छापत नाही, तेव्हा ती प्रथा राहत नाही.

ऐकायला बसायचं तर असा क्रम ठेवा. आधी मडी वॉटर्सचा ‘अ‍ॅट न्यूपोर्ट १९६०’, प्रत्यक्ष मैफलीत मुद्रित केलेला. त्यात बारा खंड मोजायची सवय होते. मग बी. बी. किंगचा ‘लाइव्ह अ‍ॅट द रीगल’, गिटार गळ्याला कसं उत्तर देते ते कळायला. त्यानंतर ‘ओटिस ब्लू’ सलग दोनदा. पहिल्यांदा फक्त ओटिसचा आवाज ऐका. दुसऱ्यांदा त्याच्याकडे दुर्लक्ष करून अल जॅक्सनच्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर कान ठेवा, ‘सॅटिस्फॅक्शन’च्या शेवटापर्यंत.